पाणी वाऱ्याच्या आधी येतं

वादळ यायच्या दोन दिवस आधी आकाश फार देखणं असतं, पोरांनो. हवा स्वच्छ, ऊन लख्ख, आणि सूर्य बुडताना सगळं क्षितिज तांबूस होतं. खूप उंचावर पांढऱ्या ढगांचे बारीक धागे दिसतात, सगळे क्षितिजावरच्या एकाच ठिकाणाहून निघून वर फाकत आलेले. ओट्यावर बसलेला माणूस म्हणेल, काय सुरेख संध्याकाळ आहे! पण क्युबा बेटावर, हवाना शहरात, एक पाद्रीबाबा होते. असं आकाश दिसलं की ते त्या धाग्यांची दिशा वहीत टिपून घ्यायचे आणि बॅरोमीटरवरची नजर हटू द्यायचे नाहीत.

त्यांचं नाव बेनितो विन्येस. मूळचे स्पेनचे. १८७० मध्ये ते हवानाच्या बेलेन महाविद्यालयातल्या वेधशाळेचे प्रमुख झाले. उपग्रह, विमान, रेडिओ यांतलं काहीच तेव्हा नव्हतं. रोज दिवसातून कितीतरी वेळा वारा, ढग आणि हवेचा दाब लिहायचा, जुन्या नोंदी पुन्हा पुन्हा चाळायच्या, आणि वादळ होऊन गेलं की पडझड पाहायला स्वतः जायचं, हा त्यांचा परिपाठ. त्यातून त्यांना उमगलं, की ते उंचावरचे धागे जिथून फाकलेले दिसतात, त्या दिशेला वादळाचं केंद्र असतं.

"पण ढगांना आधीच कसं कळतं, आजोबा?"

त्यासाठी आपल्याला वादळाच्या पोटात शिरावं लागेल. इडलीपात्राचं झाकण काढताना आजी तुम्हाला हात मागे घ्यायला सांगते ना? उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका वाईट. पाण्याची वाफ होताना बरीच उष्णता तिच्यात दडून बसते, आणि वाफेचं पुन्हा पाणी झालं की ती सगळी बाहेर पडते. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलं की त्याच्यावरची हवा अशीच वाफेनं भरते. ती वर चढते, वर गारठून तिचे थेंब होतात, दडलेली उष्णता सुटते, त्या उष्णतेनं हवा आणखी हलकी होऊन आणखी वर जाते. खाली दाब उतरतो आणि चारी बाजूंची हवा आत धावते. पण पृथ्वी फिरते आहे ना, म्हणून आपल्या उत्तर गोलार्धात धावणारी हवा जरा उजवीकडे ढळते. सगळीकडूनच ती अशी ढळल्यामुळे केंद्रापर्यंत सरळ न पोचता त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट दिशेनं गरगरू लागते.

आता वर गेलेल्या हवेचं काय होतं, ते बघा. बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर तिला आणखी वर जायला वाट उरत नाही, म्हणून ती चहूकडे बाहेर फाकते. तिच्याबरोबर बर्फाच्या बारीक कणांचे ढग शेकडो किलोमीटर दूर पसरतात. खाली वाऱ्याची झुळूकही बदललेली नसते, तेव्हाच वादळाचं हे छप्पर माणसाच्या डोक्यावर आलेलं असतं. विन्येसबाबा बघत होते ते हे छप्पर.

११ सप्टेंबर १८७५ रोजी त्यांनी हवानाच्या लोकांना सावध केलं, की मोठं वादळ येत आहे. दोनच दिवसांत ते क्युबाच्या दक्षिण किनाऱ्यावर आलं. हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळाचा, जाहीर केलेला हा पहिला अंदाज मानला जातो. तेच वादळ पुढे मेक्सिकोच्या आखातात शिरलं आणि १६ तारखेला अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर, इंडियनोला नावाच्या भरभराटीच्या बंदरावर आदळलं. गाव पुन्हा कसंबसं उभं राहिलं, तर १८८६ मध्ये दुसऱ्या वादळानं ते कायमचं पुसून टाकलं.

माझी खरी गोष्ट इथूनच सुरू होते. त्याच किनाऱ्यावर ईशान्येला गॅल्व्हस्टन नावाचं बेट आहे. लांबलचक, अरुंद आणि निव्वळ वाळूचं. त्याच्या मागच्या बाजूला खाडी, पुढे आखात. १९०० साली तिथं ३७ हजारांवर माणसं राहत होती. कापसाचा व्यापार, श्रीमंत पेढ्या, समुद्रात खांबांवर उभारलेली स्नानगृहं. आणि एवढ्या शहरातली सगळ्यात उंच जागा समुद्रापासून जेमतेम पावणेतीन मीटर वर!

इंडियनोलाचं काय झालं ते पाहून काही लोक म्हणत होते की समुद्राच्या कडेनं भिंत बांधा. पण १८९१ मध्ये तिथल्या हवामान कचेरीचे प्रमुख आयझॅक क्लाइन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला, की वादळापासून या शहराला मोठा धोका आहे ही कल्पनाच भ्रामक आहे. क्लाइन हुशार आणि कामसू होते. समुद्राचा तळ उथळ असला, उतार मंद असला, की लाटांचा जोर मोडतो, असा तेव्हाचा समज होता. तो अर्धाच खरा. मोठी लाट उथळ पाण्यात फुटते हे कबूल. पण वारा जेव्हा तासन्तास पाणी किनाऱ्याकडे लोटतो, तेव्हा खोल समुद्रात ते तळाशी जाऊन माघारी फिरू शकतं. उथळ समुद्रात तळाला जागाच नसते, म्हणून ते साचतं, चढतं, आणि अख्खा समुद्रच जमिनीवर येतो. आपल्या बंगालच्या उपसागराचं वरचं टोक असंच उथळ आहे. तिथं १९७० च्या नोव्हेंबरात भोला चक्रीवादळानं तीन ते पाच लाख माणसं नेली, ती मुख्यतः पाण्यानं.

विन्येसबाबा १८९३ मध्ये गेले. बेलेनची वेधशाळा त्यांच्या माणसांनी चालू ठेवली. १९०० च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला एक साधंसं वादळ क्युबावरून गेलं, तेव्हा हवानाचे लोक म्हणाले, हे आता आखातात शिरून बळावेल आणि टेक्सासकडे जाईल. पण क्युबा त्या वेळी अमेरिकन लष्कराच्या ताब्यात होता, आणि क्युबाच्या वेधकर्त्यांवर वॉशिंग्टनच्या हवामान खात्याचा विश्वास नव्हता. त्यांचे वादळाचे अंदाज तारेनं पाठवायला मनाई करून ठेवलेली होती. अमेरिकी खात्याचा स्वतःचा अंदाज असा, की वादळ उत्तरेला वळून फ्लोरिडावरून अटलांटिककडे निघून जाईल. शतकभराहून अधिक काळ उलटला, तरी मला याची हळहळ वाटते. एवढं कष्टानं मिळवलेलं ज्ञान समुद्रापलीकडे तयार होतं, आणि ते तारेत शिरूच दिलं नाही.

शनिवार, ८ सप्टेंबर. पहाटे क्लाइन किनाऱ्यावर गेले आणि चक्रावले. वारा उत्तरेचा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. अशा वाऱ्यानं पाणी मागे हटायला हवं. ते तर सखल रस्त्यांत शिरलं होतं, आणि आग्नेयेकडून लांबच लांब, संथ, जड लाटा येत होत्या. त्यांनी वॉशिंग्टनला तार केली, की उलटा वारा असताना एवढं चढलेलं पाणी पूर्वी कधी पाहिलेलं नाही.

या दोन खुणांत वादळाचा पत्ता होता. उद्या संध्याकाळी किनाऱ्यावर गेलात की तुम्हीही शोधून बघा. बॉइस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञानं १८५७ मध्ये सांगितलेला नियम आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे आपल्या गोलार्धात कमी दाबाची जागा डाव्या हाताला येते. उत्तरेच्या वाऱ्याकडे पाठ केली, तर तोंड दक्षिणेला आणि डावा हात पूर्वेला. लाटाही त्याच बाजूच्या, आग्नेयेच्या! आणि त्या वादळाच्या आधी का पोचल्या? वादळानं खोल समुद्रात उठवलेली लांब लाट ताशी पस्तीस-चाळीस किलोमीटरनं निघते, आणि केंद्र बहुधा तिच्या निम्म्या वेगानं मागून येतं. रोजच्या लाटा सहा-आठ सेकंदांनी येतात, या बारा-पंधरा सेकंदांनी. किनाऱ्यावर बसून नुसतं मोजत राहिलं, तरी लांबचं वादळ बोटांवर समजतं.

त्या सकाळी गॅल्व्हस्टनचे लोक काय करत होते? लाटा बघायला जमले होते. रस्त्यांत आलेल्या पाण्यात मुलं खेळत होती. लाटा स्नानगृहांच्या फळ्या उचकटत होत्या आणि ते पाहायला ट्रामनं माणसं येत होती. त्यांना मूर्ख समजू नका. चढतं पाणी त्यांनी पूर्वी कितीदा पाहिलं होतं, आणि दर वेळी ते उतरलं होतं.

दुपारपर्यंत मुख्य जमिनीकडे जाणारे पूल पाण्यात गेले. उत्तरेचा वारा मागच्या खाडीचं पाणी गावात ढकलत होता, दक्षिणेकडून आखात येत होतं. क्लाइन यांचे धाकटे भाऊ जोसेफ हेही त्याच कचेरीत होते. तारा बंद पडण्यापूर्वी त्यांनी ह्यूस्टनला टेलिफोनवरून शेवटचा निरोप दिला. संध्याकाळी ताशी १०० मैलांची, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरची नोंद करून वेगमापक उडून गेला. मग वारा फिरला, पूर्वेचा आणि पुढे आग्नेयेचा झाला. केंद्र बेटाच्या पश्चिमेनं जात होतं, म्हणजे शहर त्याच्या उजव्या हाताला सापडलं. वाऱ्याचा वेग आणि वादळाची स्वतःची चाल जिथं एकत्र होतात, ती ही बाजू, सगळ्यात वाईट. क्लाइन घराच्या दारात उभे होते, तेव्हा पाणी चार सेकंदांत चार फूट चढलं, असं त्यांनी नंतर अहवालात लिहिलं.

त्यांच्या भक्कम घरात सुमारे ५० माणसं आसऱ्याला आली होती. वाहत आलेल्या ओंडक्यांच्या माऱ्यानं ते घर कोसळलं. वाचले १८. क्लाइन, त्यांच्या तीन मुली आणि भाऊ वाचले. पत्नी कोरा गेल्या. किनाऱ्याजवळच्या सेंट मेरीज अनाथाश्रमात ९३ मुलं होती आणि दहा नन. ताटातूट होऊ नये म्हणून त्यांनी कपडे वाळत घालायच्या दोरीनं मुलं आपल्या कमरेला बांधून घेतली. तीन मुलगे तेवढे वाचले. पाणी साडेचार मीटरच्या वर चढलं होतं. एकूण माणसं किती गेली, याचा हिशेब कधीच नीट लागला नाही. सहा हजार ते बारा हजार असे आकडे सांगतात.

इथं कुणी मान खाली घालू नका. पुढचं ऐका.

शहरानं आता भिंत बांधली, १७ फूट उंच. तेवढ्यावर न थांबता जमीनच वर उचलायचं ठरवलं. दोन हजारांहून जास्त इमारती जॅक लावून उचलल्या आणि खाली पाण्यातून वाहून आणलेली वाळू भरली. सेंट पॅट्रिक चर्च तर तीन हजार टनांचं. सातशे जॅक एकाच वेळी थोडे थोडे फिरवत त्यांनी ते पाच फूट वर नेलं. १९१५ मध्ये तशाच ताकदीचं वादळ आलं, तेव्हा भिंतीमागच्या शहरानं तग धरला.

आणि क्लाइन? त्यांची बदली न्यू ऑर्लिअन्सला झाली, आणि उरलेल्या नोकरीत त्यांनी पाण्याचाच अभ्यास केला. कोणत्या वादळात, केंद्राच्या कोणत्या बाजूला, केंद्राच्या किती तास आधी समुद्र कुठे चढला, याच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या आणि १९२६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. वादळात माणूस मुख्यतः पाण्यानं मरतो आणि पाण्याची चाल आधी मोजता येते, हे त्यांनी लोकांना पटवायला घेतलं. मला हा माणूस फार मोठा वाटतो.

अंदाज दडवल्यानं काय होतं, ते गॅल्व्हस्टननं आणखी एकदा पाहिलं. १९४३ चा जुलै, दुसरं महायुद्ध चालू. आखातात जर्मन पाणबुड्या फिरत होत्या, म्हणून जहाजांच्या रेडिओवर बंदी आणि हवामानाच्या बातम्यांवर सेन्सॉर. २७ जुलैला वादळ आलं ते जवळजवळ न सांगता. १९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेत वादळाची सूचना अशी पुन्हा कधी रोखली नाही.

त्याच दिवशी आणखी एक नवल घडलं. वैमानिकांना ढगांत, नुसत्या उपकरणांवर विमान चालवायला शिकवणारे जोसेफ डकवर्थ नावाचे अधिकारी जवळच्या तळावर होते. पैज लागली, आणि एका इंजिनाचं छोटंसं शिकाऊ विमान घेऊन ते थेट त्या वादळात शिरले. हेलकावे खात, पावसाच्या माऱ्यातून ते अचानक मधल्या डोळ्यात पोचले. तिथं वारा शांत होता, भोवती ढगांच्या भिंती उभ्या होत्या. परत आले, आणि तळावरच्या हवामान अधिकाऱ्याला बरोबर घेऊन पुन्हा एकदा जाऊन आले! आज वादळात मुद्दाम विमानं पाठवून दाब आणि वारा मोजतात, त्याची सुरुवात ही. पुढे १९६० मध्ये पहिला हवामान उपग्रह वर गेला, आणि समुद्रावर कुणाच्या नकळत वादळ तयार होण्याचे दिवस संपत आले.

आता तर तुमच्या मोबाइलवर नकाशा येतो. वादळापाशी निमुळता आणि पुढे रुंद होत गेलेला पांढरा पट्टा असतो ना, त्याला शंकू म्हणतात. तो पाहून बहुतेक लोक समजतात की वादळ एवढं मोठं आहे. तसं नाही. मायामीच्या हरिकेन केंद्रातले लोक गेल्या पाच वर्षांचे आपले अंदाज काढून बघतात, की एक दिवस आधी किती किलोमीटरनं चुकलो, दोन दिवस आधी किती. दर तीनांतल्या दोन चुका ज्यात मावतील एवढं वर्तुळ काढतात, आणि अशी वर्तुळं जोडली की शंकू होतो. तो फक्त केंद्र कुठं असू शकेल ते सांगतो. केंद्र कधी कधी त्याच्या बाहेरूनही जातं, आणि वारा-पाऊस-पाणी तर शंकूच्या बाहेर कितीतरी दूर पोचतं.

२०२० च्या जूनमध्ये आपल्याकडे 'निसर्ग' चक्रीवादळ आलं, तेव्हा सगळ्या वाहिन्यांचं तोंड मुंबईकडे होतं. ३ जूनला दुपारी केंद्र आलं ते अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धनच्या बाजूला. मुंबईनं सुटकेचा श्वास टाकला. त्याच वेळी श्रीवर्धन, मुरुड, दापोली, मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या होत होत्या. पोफळ पुन्हा धरायला किती वर्षं लागतात, ते आपल्याकडे कुणालाही विचारा.

नकाशावरचा दुसरा आकडा म्हणजे वादळाची श्रेणी, एक ते पाच. ती फक्त वाऱ्याच्या वेगावरून देतात. २००८ मध्ये आइक नावाचं हरिकेन गॅल्व्हस्टनकडे निघालं, श्रेणी दोन. ऐकायला किरकोळ. पण त्याचा घेर अवाढव्य होता, आणि पाणी किती चढणार ते घेरावरही ठरतं. तिथल्या हवामान कचेरीनं ११ सप्टेंबरला इशारा दिला, की सखल किनाऱ्यावरच्या एक-दोन मजली घरांत जे थांबतील त्यांचा मृत्यू अटळ आहे. एवढ्या उघड शब्दांत सरकारी कागद क्वचितच बोलतो. तरी बरेच जण थांबले. का? तीन वर्षांपूर्वी रीटा नावाच्या वादळासाठी लाखो लोक ह्यूस्टनच्या भागातून निघाले होते, तासन्तास रस्त्यांवर अडकले, त्या उन्हात आणि गर्दीत कितीतरी माणसं दगावली, आणि रीटा पूर्वेला वळून दुसरीकडेच गेलं. ज्यांनी ते भोगलं, त्यांनी आइकच्या वेळी म्हटलं, थोडं थांबू, अगदीच वेळ आली तर शेवटी निघू.

पण बेटाच्या शेजारच्या बोलिव्हर भूशिरावर ती शेवटची वेळ आलीच नाही. वादळ जमिनीवर आलं १३ तारखेच्या पहाटे दोनच्या सुमारास. पाणी मात्र १२ च्या सकाळीच सुमारे दीड-दोन मीटर चढून रस्त्यावर आलं होतं. वारा अजून जोराचा नव्हता आणि किनाऱ्याला समांतर वाहत होता. नव्यानं तिथं राहायला आलेल्या माणसाला वाटणार, पाणी आणणारा वारा तर अजून सुटलेलाच नाही. गिलख्रिस्ट नावाच्या वस्तीत नंतर उंच खांबांवर बांधलेलं एक पिवळं घर तेवढं उभं दिसत होतं. भोवताली सगळी वाळू.

हे आगाऊ पाणी कुठून आलं, याचा शास्त्रज्ञांनी छडा लावला. मघाशी म्हटलं ना, पृथ्वी फिरते म्हणून धावणारी हवा उजवीकडे ढळते? पाण्याचंही तसंच. आइकच्या विस्तीर्ण घेरातला ईशान्येचा वारा कितीतरी तास किनाऱ्याला समांतर वाहिला. त्यानं नैर्ऋत्येकडे ओढलेलं पाणी उजवीकडे ढळलं, आणि तिथं उजवीकडे किनारा आहे. रुंद, उथळ तळावर ते मुकाट्यानं साचत गेलं. १९०० च्या सकाळी क्लाइन यांना पडलेलं कोडंही याच वाटेनं सुटायला लागतं.

"मग आता त्यांनी काय केलं?"

एक तर २०१७ पासून अमेरिकेत पाण्याचा इशारा वाऱ्याच्या इशाऱ्यापासून वेगळा देतात. कोणत्या भागात जमिनीवर किती फूट पाणी येऊ शकेल, याचा नकाशा निघतो. आणि गॅल्व्हस्टन बेट आणि बोलिव्हर यांच्या मधून जी वाट खाडीत जाते, तिच्या तोंडाशी भलेमोठे दरवाजे बांधायची योजना आहे. अमेरिकी संसदेनं २०२२ च्या डिसेंबरात तिला मंजुरी दिली. एरवी दरवाजे उघडे राहतील, म्हणजे जहाजं आणि भरती-ओहोटीचं पाणी नेहमीसारखं जात-येत राहील. वादळ आलं की ते बंद. पण ते बंद करायचे तर आगाऊ पाणी खाडीत शिरायच्या आत, म्हणजे केंद्र अजून शेकडो किलोमीटर लांब असताना आणि वर ऊन पडलेलं असताना. तो हुकूम ज्याला द्यायचा आहे, त्याच्या हातात तेव्हा अंदाजाशिवाय दुसरं काहीच नसेल.